मंगळवारी छपाई बंद!



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत तीन संगणक आहेत. तिन्ही कुठल्या ना कुठल्या कचेरीतून निकालात निघालेले आणि देणगी म्हणून आलेले. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ या म्हाताऱ्यांना पेलवत नाही, म्हणून आम्ही तिघांवरही लिनक्स मिंट घातले. त्याला पैसे पडत नाहीत. मुलांना दोन दिवसांत सवय झाली. आम्हा मोठ्यांनाच जरा वेळ लागला.

गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, अकरावीतली एक मुलगी धावत आली. तिच्या वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, तिचा जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून त्यातल्याच एका संगणकात ठेवलेले होते. पण संगणक आत जाऊ देईना. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्ड मागे. दहा वेळा तेच. पोरगी रडकुंडीला आली. आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू. अर्ध्या तासात नवाकोरा होईल."

फॉरमॅट मारणे हा आपल्याकडचा रामबाण उपाय होऊन बसला आहे. दुकानात न्या, तोच उपाय. पण त्याने आतले सगळे कागद जातात आणि बिघाड कशाने झाला याचा पुरावाही जातो. बिघाडाला इंग्रजीत 'बग' म्हणतात, म्हणजे किडा, ढेकूण. ढेकूण झाले म्हणून कोणी घराला काडी लावत नाही! मी त्याला थांबवले.

लिनक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबल्या की चित्रांवाचूनचा काळा पडदा येतो. तिथे नाव आणि पासवर्ड घालून आज्ञा लिहिता येतात. 'डीएफ' लिहून, एक जागा सोडून, आडवी रेघ आणि 'एच' लिहिले की कुठल्या डिस्कवर किती जागा उरली ते दिसते. आमची डिस्क शंभर टक्के भरली होती. संगणकाला आपली रोजची टिपणे लिहायलाही जागा नव्हती, म्हणून तो दारातूनच परत पाठवत होता. कोणा चिरंजीवांनी सिनेमे उतरवून ठेवले होते. दोन सिनेमे उडवले आणि दार उघडले. आत जाऊन पाहतो तर कचरापेटीत आणखी नऊ! कचरापेटीत टाकले म्हणजे जागा मोकळी झाली असा आमच्या मुलांचा समज होता. पेटी रिकामी करावी लागते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. अर्ज साडेआठला गेला.

म्हणजे बिघाड होता आमचा आणि शिव्या खात होता संगणक. तक्रार करण्याआधी ती कोणाविरुद्ध करायची, हे आधी ठरवायला हवे. ते किती अवघड असते, याचा २००९ सालचा एक खरा किस्सा सांगतो. जगभरचे लिनक्सवाले तो अजून सांगतात.

तेव्हा उबंटू नावाच्या लिनक्सवर ओपनऑफिस हा लेखनाचा प्रोग्राम वापरत. त्यातून छपाई होत नाही अशी लोकांची तक्रार होती. कधी होई, कधी होत नसे. त्यात एका गृहस्थाने लिहिले, की माझी बायको म्हणते, मंगळवारी कधीच छापत नाही! आपल्याकडे असे कोणी म्हटले असते तर घरात हशा पिकला असता, नाहीतर मंगळ कुठल्या घरात आहे हे पाहायला कोणीतरी धावले असते. पण त्या बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

झाले होते ते असे. छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये सुरुवातीलाच ती केव्हा तयार झाली ते इंग्रजीत लिहिलेले असते, वार धरून. प्रिंटरकडे पाठवण्याआधी 'फाइल' नावाचा एक छोटा प्रोग्राम ती कोणत्या जातीची फाइल आहे ते ओळखतो. त्याच्याजवळ ओळखीच्या खुणांची एक वही असते. त्या वहीत एर्लांग या संगणकी भाषेतल्या एका जुन्या प्रकारच्या फाइलची खूण म्हणून 'मंगळवार, २२ जानेवारी १९९१' ही पूर्ण तारीख वेळेसकट लिहायची होती. लिहिणाऱ्याने शब्दांमधल्या मोकळ्या जागा नीट बांधून घेतल्या नाहीत, त्यामुळे प्रोग्रामने पहिली तीनच अक्षरे खूण म्हणून धरली: 'ट्यू', म्हणजे ट्यूजडे. मग काय, दर मंगळवारी तयार झालेला कागद हा एर्लांगचा आहे असे समजून छपाईची यंत्रणा गोंधळात पडे. बुधवारी सारे सुरळीत!

लोक ओपनऑफिसला दोष देत होते, कोणी प्रिंटरला देत होते. दोष तिसऱ्याच ठिकाणी होता, जिथे कोणी पाहिलेही नसते. त्या बाईंना संगणकशास्त्र येत होते की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांनी वार लक्षात ठेवला होता. मोठमोठ्या जाणकारांना जे सुचले नाही, ते त्या एका नोंदीने उघड झाले.

मी पेशाने कारकून आहे. नोंदीची किंमत मला कोणी सांगायला नको. वस्तीत नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. "पाणी येत नाही, त्वरित कारवाई व्हावी" असा अर्ज दिला की तो फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. "तिसऱ्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाला अमुक तारखेपासून सकाळचे पाणी नाही, संध्याकाळी येते, शेजारच्या गल्लीत दोन्ही वेळा येते" असे लिहिले की माणूस पाहायला येतो. कारण कोणता कॉक पाहायचा हे त्याला कागदावरूनच समजते. संगणकाच्या तक्रारीचेही नेमके तसेच आहे.

आधी बिघाड पुन्हा घडवून पाहावा. काय काय केले म्हणजे तो होतो, ते क्रमाने कागदावर लिहावे. दर वेळी होतो की कधी कधी, तेही. पडद्यावर जी सूचना येते ती आपल्या शब्दांत न लिहिता जशीच्या तशी उतरवावी किंवा तिचा फोटो काढावा. आपली मुले ती सूचना न वाचताच 'ओके' दाबतात, याचा मला फार राग येतो. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. त्याच संगणकावर नवे खाते उघडून तिथे बिघाड होतो का? होत नसेल तर दोष बहुधा आपल्या खात्यातल्या मांडणीत आहे. लिब्रेऑफिसमध्ये तर 'हेल्प'च्या यादीत सेफ मोड दिलेलाच आहे. त्यात आपण केलेले सारे फेरफार बाजूला ठेवून प्रोग्राम उघडतो. एखादा प्रोग्राम उघडताच मिटत असेल तर तो टर्मिनलमधून त्याचे नाव लिहून सुरू करावा. जाता जाता तो काहीतरी बोलून जातो. आणि संगणकच अडकून बंद करावा लागला असेल, तर 'जर्नल-सीटीएल' या आज्ञेने त्याची रोजकीर्द वाचता येते. मागच्या वेळी चालू केल्यापासून बंद पडेपर्यंतची पानेही त्यात सापडतात.

रोजकीर्द वाचताना एक चूक माझीही झाली होती. तिच्यात लाल अक्षरांतल्या ओळी नेहमीच पुष्कळ असतात, चांगल्या चालणाऱ्या संगणकातसुद्धा. मी पहिलीच लाल ओळ धरून दोन रात्री घालवल्या. बिघाडाची वेळ घड्याळात पाहून ठेवावी आणि त्याच मिनिटाच्या ओळी वाचाव्यात.

इतके झाल्यावर तक्रार. लिनक्सचे बरेचसे प्रोग्राम देशोदेशीची माणसे मिळून लिहितात आणि प्रत्येकाची तक्रारवही सर्वांना उघडी असते. लिब्रेऑफिस आणि केडीई यांची वही बगझिला नावाच्या व्यवस्थेवर आहे. ग्नोमची गिटलॅबवर. उबंटूत 'उबंटू-बग' ही आज्ञा प्रोग्रामच्या नावासह दिली की लागणारी बरीच माहिती संगणक स्वतःच गोळा करतो. डेबियनमध्ये हेच काम 'रिपोर्टबग' करतो. मिंटमध्येही यंत्राचा सारा तपशील एका बटणाने उचलता येतो. लिहिण्यापूर्वी तीच तक्रार आधी कोणी केली आहे का ते शोधावे. केली असेल तर नवी न करता आपली माहिती तिथेच जोडावी. नुसते "मलाही होते" असे लिहून कोणाच्याच हाती काही लागत नाही. इंग्रजी साधे चालते. मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, या तीन गोष्टी आणि आवृत्तीचे क्रमांक. व्याकरणाला कोणी हसत नाही. बऱ्याच जणांची ती मातृभाषा नसतेच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उघडी वही म्हणजे साऱ्या जगाला उघडी. नमुन्यादाखल फाइल जोडायची तर मुलीचा दाखला किंवा आधार कार्ड जोडू नका. 'अबक' लिहिलेली रिकामी फाइल तयार करून तीत बिघाड दाखवा. रोजकीर्दीतही आपले नाव किंवा घरच्या वायफायचे नाव असू शकते. पाठवण्याआधी एकदा वाचून काढा.

आता माझ्या तक्रारीचे काय झाले ते सांगतो. अभ्यासिकेचे सूचनापत्रक छापताना एका फुकट मिळणाऱ्या फाँटमध्ये 'कार्यकर्त्या' नीट येई, पण 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा र मोडून येई. हिंदीत हा असा र लागत नाही. त्यामुळे हिंदीवाल्याला तो कधी खटकणार नाही आणि दूरदेशच्या माणसाला तो चुकला हे कळायचेही नाही. हे सांगायचे तर मराठी माणसानेच. मी आधी प्रोग्राम बदलून पाहिला, दुसऱ्या प्रोग्राममध्येही तसेच. मग फाँट बदलला, तर अक्षर दोन्हीकडे स्वच्छ. म्हणजे दोष फाँटचा, आणि तक्रार त्याच्या कर्त्यांकडेच जायला हवी.

तक्रार लिहिली. चार दिवसांनी उलट प्रश्न आला, की अक्षर नक्की कसे दिसायला हवे? आता हे शब्दांत कसे सांगणार! मी कचेरीतले बोरूसारखे जाड टोकाचे पेन घेतले, कोऱ्या कागदावर 'दुसऱ्या' मोठ्या अक्षरात लिहिले, त्या अर्ध्या र भोवती लाल वर्तुळ काढले आणि फोटो जोडला. शेजारी चुकीचे छापलेले अक्षरही चिकटवले. पलीकडून आभाराचे दोन शब्द आले आणि तक्रारीच्या नावापुढे 'खात्री झाली' असा शेरा पडला.

दुरुस्ती अजून झालेली नाही. तोवर सूचनापत्रक आम्ही दुसऱ्या फाँटमध्ये छापतो. वहीत मात्र माझ्याखाली आणखी एकाने आपला नमुना जोडला आहे, 'तऱ्हा' हा शब्द. तोही आपल्याप्रमाणे मराठीच असणार.