सेवेचे तास आणि सेवेचे काम

राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, असा नियम आहे. तासांची नोंद काटेकोर होते. कामाचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

या योजनेची पूर्वपीठिका मराठी वाचकास जिव्हाळ्याची वाटावी. १९५९ साली नेमलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करण्याची शिफारस केली होती. खर्च व अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती मागे पडली. पुढे सेवा ऐच्छिक ठेवून २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह योजना सुरू झाली. सक्ती टळली हे बरेच झाले, असे मला वाटते.

परंतु स्वेच्छेने आलेल्या मुलांच्या हाती आपण काय देतो? प्रभातफेरी, घोषणाफलक आणि गतवर्षीच्याच खड्ड्यांत नवी रोपे! वस्तुतः तालुक्याच्या कचेरीत त्यांच्याजोगे काम भरपूर असते. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा अर्ज करणाऱ्या म्हातारीचे नाव आधारपत्रावर एक आणि बँकेच्या पासबुकावर दुसरे असते. दुरुस्तीसाठी तिला किती खेपा घालाव्या लागतात, हे खिडकीच्या आतून दिसत नाही. तिच्यासोबत एक दिवस रांगेत उभा राहिलेला विद्यार्थी शासनाविषयी जे शिकेल, ते आम्हांस प्रशिक्षण संस्थेतही कोणी शिकवले नव्हते. किंवा गावातील विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजावी. दहा वर्षांच्या अशा नोंदी ग्रामपंचायतीस उपयोगी पडतील.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रिक्त पदे भरायची नाहीत आणि फुकटचे हात वापरायचे, ही प्रवृत्ती आमच्यात आहेच. म्हणून विद्यार्थ्याने अर्जदाराच्या बाजूस उभे राहावे, लिपिकाच्या खुर्चीत बसू नये. पात्रतेचा निर्णय तर त्याच्याकडे कदापि नसावा.

मात्र हे सारे कार्यक्रम अधिकाऱ्यावर ढकलून भागणार नाही. तो बिचारा पूर्णवेळ शिकवणारा प्राध्यापक. शंभर मुलांचे एकक अध्यापन सांभाळून चालवतो. गटविकास अधिकाऱ्याने जून महिन्यातच महाविद्यालयाकडे दहा कामांची यादी पाठवावी, प्रत्येक कामापुढे कचेरीतील जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव लिहावे, आणि मार्चमध्ये त्याच यादीवर विद्यार्थ्यांना समोर बसवून आढावा घ्यावा. याकरिता नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.