झाकली मूठ कुणासाठी?

बंगळुरूच्या बेळंदूर-मारतहळ्ळीकडच्या पीजींमध्ये लातूर, सांगली, नांदेडची पोरं भरपूर. आपल्या कंपनीत काय शिजतंय हे त्यांना मॅनेजरकडून क्वचितच कळतं. आधी व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट फिरतो, मग बातमी येते आणि सगळ्यांत शेवटी एचआरचा मेल. तोवर गावाकडून वडिलांचा फोन येऊन गेलेला असतो, ‘तुमच्या कंपनीचं काय ऐकतोय रे आम्ही?’

दिवस वाईट आले की कंपन्यांना बोलता येत नाही, असं मात्र नाही. 1981 मध्ये पुण्यात सुरू होऊन दोन वर्षांनी बंगळुरूला आलेली इन्फोसिसच घ्या. ऑक्टोबर 2019 मध्ये निनावी तक्रारदारांनी थेट सीईओंवर हिशेबातल्या गडबडीचे आरोप केले. एका दिवसात शेअर सुमारे 16 टक्क्यांनी कोसळला. त्याच दिवशी अध्यक्ष नंदन निलेकणींनी शेअर बाजारांना निवेदन दिलं. तक्रारी कधी आल्या, कुणापुढे ठेवल्या, चौकशी कोण करणार, सगळं त्यात होतं. जानेवारी 2020 मध्ये आरोपांत तथ्य नसल्याचा निष्कर्ष जाहीर झाला.

आता याच कंपनीची दुसरी बाजू. 2022 मध्ये ऑफर लेटर मिळालेल्या अनेक नव्या इंजिनिअरांना रुजू व्हायला 2024 उजाडलं. मधल्या काळात नुसत्या तारखा पुढे गेल्या. शेवटी ‘नाइट्स’ या पुण्याच्या कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. गुंतवणूकदाराला त्याच दिवशी उत्तर आणि घरी बसलेल्या पोराला ‘लवकरच कळवू’.

हा स्वभावाचा दोष कमी आणि धाकाचा फरक जास्त. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आतल्या महत्त्वाच्या घडामोडी 12 तासांत बाजाराला कळवाव्या लागतात. मागे बाजाराची नियामक सेबी उभी असते. कर्मचाऱ्याच्या मागे कोण? कर्नाटक सरकारने तर आयटी कंपन्यांना नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या स्थायी आदेश कायद्यातून दिलेली सूट 2024 मध्ये आणखी पाच वर्षं वाढवली. कुणाला काढलंत तर कामगार खात्याला कळवा, ही त्यातल्या अटींपैकी एक.

आणि जिथे बाजाराचाही धाक नाही तिथे काय होतं, ते ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीने दाखवलं. कंपनी शेअर बाजारात नव्हती. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षाचे आकडे सप्टेंबर 2022 मध्ये बाहेर आले : तोटा 4,500 कोटींच्या वर. पुढच्याच महिन्यात 2,500 जणांना नारळ मिळणार, ही गोष्ट वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीतून जगजाहीर झाली. महिनाअखेरीस संस्थापक बायजू रवींद्रन यांचं माफीचं पत्र आलं. पत्र बरं होतं. पण नोव्हेंबर उजाडताच कंपनीने लिओनेल मेस्सीला सदिच्छादूत म्हणून जाहीर केलं आणि माफीवरचा विश्वास तिथेच उडाला.

आधीच सांगितलं तर घबराट होते, चांगली माणसं सोडून जातात, असं व्यवस्थापनातले लोक म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा हिशेब. पण मूठ झाकलेली राहतेच कुठे? ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळते ते कुजबुज ऐकूनच निघतात. मागे राहतो तो घराचा हप्ता चालू असलेला, कंपनीवर भरवसा ठेवणारा. गप्प बसण्याची किंमत तोच मोजतो.

बाजाराच्या आधी कर्मचाऱ्यांना सांगा, असं म्हणता येणार नाही; शेअरच्या भावावर परिणाम करणारी माहिती आधी फुटू नये हा नियम योग्यच आहे. पण बाजाराला निवेदन जातं त्याच मिनिटाला कर्मचाऱ्यांना मेल जायला कुठला कायदा आड येतो? किती जण जाणार, कधीपर्यंत, कोणत्या निकषावर, हातात किती पगार आणि विमा कधीपर्यंत, एवढंच त्यात हवं. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य गाळलं तरी चालेल.