दत्तचरणीचे श्वान आणि दारचे श्वान

श्रीदत्तप्रभूंच्या चरणांशी चार श्वान असतात. चार वेद मानून आपण त्यांना वंदन करतो. परंतु घरचा श्वान पंगू झाला की त्याचा भार वाटू लागतो.

गतवर्षी दत्तजयंतीच्या कीर्तनासाठी आमचे नेरूळ येथे जाणे झाले. यजमानांकडे एका श्वानाची तसबीर होती. कण्याच्या विकाराने त्याचे मागचे पाय लुळे पडले होते. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून घरच्यांनी सहा महिने त्याला पोटाखाली पंचा धरून उभे केले, पाय चोळले, पाण्यात चालविले. तो चालू लागला आणि वर्षभराने गेला. ‘म्हणजे कष्ट व्यर्थच गेले!’ असे आम्ही बोलून गेलो. माउली म्हणाल्या, ‘बुवा, ते वर्षभर तो आपल्या पायांनी दारापर्यंत येत होता.’ आम्ही ओशाळलो.

कै. रतन टाटा यांनी आपल्या श्वानास सांधेरोपणासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले. उशीर झाल्याने सांधा एकाच स्थितीत कायमचा स्थिर करावा लागला. ती खंत त्यांनी उराशी जपली. आधी आपल्या कळंबोलीस योजिलेले त्यांचे प्राणिरुग्णालय अखेर २०२४ साली मुंबईत महालक्ष्मी येथे सुरू झाले.

महाभारतात श्वानाला सोडून स्वर्गारोहण करण्यास युधिष्ठिराने नकार दिला, तेव्हा तो साक्षात् धर्म आहे हे त्यास ठाऊक नव्हते. फळ न पाहता केलेली सेवा हीच खरी उपासना होय. वाचकहो, आज नैवेद्य दाखविताना दारच्या लंगड्या जिवाकडेही पाहावे.