पैनगंगेचा प्राणवायु

मेहकरास पैनगंगेचें पाणी नितळ दिसलें कीं आपण तें शुद्ध मानतों. माशाचा जीव मात्र त्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर. २० अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत तो फार तर ९ मिलिग्रॅम मावतो. वऱ्हाडी उन्हाळ्यांत, ३० अंशांवर, साडेसातच. त्यांत निर्माल्य कुजूं लागलें कीं जंतु तोहि संपवितात. शेवाळ दिवसा प्राणवायु देतें, रात्रीं घेतें. म्हणून दुपारचा आंकडा फसवा, मोजणी पहांटेची खरी. विंक्लरच्या १८८८ च्या रीतींत बुडबुडा न ठेवतां बाटली भरून औषधें घालतात. सांका तपकिरी आला तर प्राणवायु आहे. पांढराच राहिला तर, वाचकहो, नदी गुदमरली! स्नानास निदान ५ मिलिग्रॅम हवा, असें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें मान आहे. आमच्याकडे निर्माल्य आतां परसांतल्या खड्ड्यांत जातें. सासूबाईंनीं आधीं नाक मुरडलें होतें.