नोकऱ्या किती, एवढेच नको. कशा, तेही सांगा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन औद्योगिक वसाहतीविषयी बोलणे निघाले, की एक वाक्य हमखास ऐकू येते: "आधी कंपनी तर येऊ द्या, पगार, तास, परमनंट हे नंतर बघू." या म्हणण्यामागचे दुःख खरे आहे. मराठवाड्यातला आयटीआय झालेला मुलगा वर्षानुवर्षे चाकण-पुण्याची वाट धरत आला. आता त्याच्या गावाशेजारी 7,855 एकरांची वसाहत उभी राहते आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी तिचे लोकार्पण झाले. एथर एनर्जीने इथे विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या कारखान्याची घोषणा केली, टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये सुमारे 20,000 कोटींचा सामंजस्य करार केला. त्यातून 8,000 थेट नोकऱ्या मिळतील असे सांगितले गेले. अशा वेळी अटींची भाषा कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हा युक्तिवाद चुकीचा आहे.

"कंपनी मोठी, म्हणजे नोकरी पक्की" हे त्यातले पहिले गृहीतक. शहरातून पैठण रस्त्याने बिडकीनला जाताना चितेगाव लागते. तिथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता. देशभर घराघरांत पोहोचलेले हे नाव 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. कंपनी बुडाली की कायमस्वरूपी कामगाराला थकलेल्या मजुरीसाठी कायद्याने निदान एक जागा मिळते. कंत्राटी कामगाराचे नाव मात्र कंपनीच्या पटावरच नसते; त्याला आधी ठेकेदाराला गाठावे लागते. म्हणून मोठ्या नावापेक्षा नेमणूकपत्रावर कोणाची सही आहे, याला जास्त महत्त्व आहे.

दुसरे गृहीतक, "हक्कांचे बोलाल तर कंपनी निघून जाईल." टोयोटाचेच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर 2020 मध्ये कर्नाटकातल्या बिडदी कारखान्यात कामाच्या वाढत्या ताणावरून संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात तंटा पेटला. कामगार ठिय्या देऊन बसले, कंपनीने टाळेबंदी जाहीर केली. पण कंपनी बिडदी सोडून गेली नाही. तीनच वर्षांनी तिने तिथे 3,300 कोटींच्या नव्या गुंतवणुकीचा करार केला.

उलट कामगाराचे गाऱ्हाणे ऐकायला कोणी नसले की काय होते, हे कोलार जिल्ह्यातल्या नरसापुरात दिसले. तिथे विस्ट्रॉन ॲपलसाठी आयफोन जोडत असे. बहुतेक कामगार ठेकेदारांमार्फत आलेले. थोड्याच काळात भरती दुपटीवर गेली, बारा तासांची पाळी सुरू झाली, हजेरीचा हिशेब चुकला, पगार रखडले. 12 डिसेंबर 2020 च्या पहाटे कारखान्यात तोडफोड झाली. तोडफोडीचे समर्थन होऊ शकत नाही. पण नंतर ॲपलने तासांच्या नोंदीतला घोळ आणि रखडलेला पगार मान्य केला, विस्ट्रॉनने माफी मागितली. हा धडा महाराष्ट्राने आताच घ्यायला हवा, कारण सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दैनंदिन कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली आहे.

तिसरा आरोप, "इथली पोरं टिकत नाहीत." ज्याला ठेकेदार काही महिन्यांनी 'ब्रेक' देतो, ज्याला शिकाऊ म्हणून घेऊन लाइनवर पुऱ्या कामगाराचे काम दिले जाते, त्याने कशाच्या भरवशावर टिकायचे? भवितव्य दिसले की माणूस टिकतो.

मग मागायचे काय? बिडकीनमध्ये भूखंड घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने दरवर्षी तीन आकडे जाहीर करावेत: कायम किती, कंत्राटी किती, शिकाऊ किती. एकाच लाइनवर एकच काम करणाऱ्यांना एकच मजुरी द्यावी. ओव्हरटाइमचा तास न् तास दाखवणारी मराठी पगारपावती प्रत्येकाच्या हाती पडावी. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, असे नवी औद्योगिक संबंध संहिता सांगतेच. ती समिती कागदावर न राहता तिच्यात कंत्राटी कामगारालाही बोलता यावे. या गोष्टी भूखंडाच्या करारात लिहिल्या गेल्या पाहिजेत, कारण मागण्याची खरी ताकद जमीन देतानाच असते. यंत्रे बसल्यावर ती उरत नाही.

बिडकीनच्या शेतकऱ्यांनी कसती जमीन दिली आहे. त्यांच्या मुलामुलींना त्याच जमिनीवर मानाने काम करता आले, तरच या वसाहतीला विकास म्हणता येईल. "नंतर बघू" हे उत्तर त्यांनी मान्य करू नये.