आईला कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. वजन सोळाशे ग्रॅम. मायलेकींना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवलं. बाळ खाली, काचेच्या पेटीत. भाची वर, बाळंतिणींच्या वॉर्डात. मध्ये एक जिना आणि एक बंद दार.

तीन दिवस तिला लेकीचं तोंड दिसलं नाही. डॉक्टर दाराबाहेर येऊन विचारायचे, "बाळाचे वडील कोण?" जावई आणि त्याचे वडील पुढे व्हायचे. दोन मिनिटांत बोलणं संपायचं. वर येऊन जावई एवढंच सांगायचा, "ठीक आहे म्हणाले." काय ठीक आहे? श्वास नीट घेते का? दूध पोटात जातं का? त्यालाही कळलेलं नसायचं आणि विचारायचा धीर नव्हता. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "बाळंतिणीला काही सांगू नका. ताण घेईल, दूध आटेल."

मैत्रिणींनो, न सांगितल्याने ताण येत नाही का? भाची रात्ररात्र जागी असायची. पान्ह्याने भिजलेलं लुगडं बदलत बसायची. ते दूध स्वच्छ वाटीत काढून खाली पाठवता येतं, पेटीतल्या बाळाला नळीने तेच पाजतात, हे तिला चौथ्या दिवशी कळलं. तोवर ते वाया गेलं, आणि जावई मात्र पावडरचा डबा आणायला बाजारात धावत होता.

शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. घरच्यांनी आणि दवाखान्याने मिळून ते तिच्यापासून एक दिवस लपवलं. ती येईल त्याला विचारत होती, "माझं कसं आहे?" आम्ही सगळ्याजणी माना खाली घालून बसलो. त्यात मीही होते. त्याची लाज मला अजून वाटते.

आणि याच बायकांना एक प्रश्न मात्र सगळे विचारतात: "काय खाल्लं होतंस? जड उचललंस का?" म्हणजे माहिती द्यायच्या वेळी आई कच्च्या मनाची, आणि दोष द्यायच्या वेळी पूर्ण जबाबदार!

'अडाणी बायकांना काय समजणार' हे कारण तर नेहमीचंच. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत काय केलं? गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना बाळाचे श्वास मोजायला, वजन करायला, आजार ओळखायला शिकवलं. आयांना समजावून सांगितलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. समजत नव्हतं ते बायकांना नव्हे. त्यांना सांगायला कोणी बसत नव्हतं, एवढंच.

आईला दूर ठेवणं शास्त्रालाही धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला, त्यात दिल्लीचंही एक रुग्णालय होतं. एक ते १.८ किलो वजनाची बाळं जन्मल्यावर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवली, आईची खाटच बाळांच्या विभागात मांडली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की असं केल्याने मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. माझी नात याच वजनाची होती. तिच्या आईला मात्र दाराबाहेर ठेवलं होतं. आजारी नवजाताच्या देखभालीत आईवडिलांना सहभागी करून घ्यावं, अशा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१७ सालच्या आहेत. त्या कपाटात आहेत की वॉर्डात?

यात नर्सबाईंवर राग काढून मला थांबायचं नाही. एकेकीच्या अंगावर किती बाळं असतात ते मी पाहिलं आहे. त्याही बायकाच, त्यांनाही कोणी विचारत नाही. घरी सोडताना हातात दिलेलं कार्ड सगळं इंग्रजीत होतं. पण एका सिस्टरने भाचीला जवळ बसवून सांगितलं, "दूध ओढेनाशी झाली, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, तर मध्यरात्र असो, घेऊन ये."

घरी आल्यावर आठवडाभराने बाळ दूध ओढेना. सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे तिला." भाची हटून बसली, रात्रीच रिक्षा काढायला लावली. जंतुसंसर्ग निघाला. वेळेवर पोचली म्हणून नात आज रांगते आहे. एका सिस्टरच्या एका वाक्यामुळे. पण बाळाचा जीव एखादीच्या चांगुलपणावर का टांगलेला असावा?

म्हणून आपल्या गटांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन मागायला हवं: बाळाची खबर रोज, ठरल्या वेळी, आईला समोरासमोर मिळावी. दूध काढून पाठवायला पहिल्याच दिवशी शिकवावं. घरी सोडतानाचा कागद मराठीत असावा, आणि जिला वाचता येत नाही तिला तो वाचून दाखवावा. वाईट बातमी असेल तीही आईला, खरी आणि वेळेवर सांगावी.

गावात आणखी एक करता येईल. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईने घरी येऊन बाळ पाहायचं असतं. हे दिवस प्रत्येक गरोदर बाईला पाठ असू द्या. आणि आशाताईला मानधन वेळेवर मिळतं का, तेही त्याच बैठकीत विचारा.

नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाची खबर आईने जिन्यात उभं राहून चोरून ऐकावी, हे आपण किती दिवस चालू देणार?