न बांधलेल्या जागेचे खाते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इमारतींच्या सौंदर्यावर लिहावे, हे पाहून आमचे काही मित्र हसतील. हसोत बापडे! पण हा विषय मला कलादालनात भेटलेला नाही; तो भेटला आमच्याच वर्गात, हिशेबाच्या वहीत.

मागच्या सत्रात आम्हा चौघांच्या गटाला एक प्रकल्प अहवाल करायचा होता. एका काल्पनिक बेटावर आलिशान रिसॉर्ट उभारायचे. भांडवल किती, खोल्या किती, भाडे किती आणि बँकेचे कर्ज किती वर्षांत फिटेल, ते मांडायचे. आम्ही इंच न् इंच जमीन वापरली. सहा मजले, १२० खोल्या, संगमरवरी स्वागतकक्ष, तीन पोहण्याचे तलाव आणि तळमजल्यावर ‘वेलनेस सेंटर’. ताळेबंद रुपयाला रुपया जुळला. गुणही चांगले पडले.

दिवाळीला माझा चुलतभाऊ गोव्याहून घरी आला. तो तिकडे समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या कामावर आहे. मी मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे अहवाल ठेवला. दादाने नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “एवढं सगळं बांधलास, मग पाव्हणा बघणार काय रे? आमच्यात सगळ्यात महाग खोली कुठली म्हाइत हाय? जिच्यासमोर काय बी नाही ती!” मग त्याने मोबाइलवर त्या खोलीचे छायाचित्र दाखवले. पांढरी भिंत, लाकडी पलंग, कोपऱ्यात एक माठ आणि उघड्या दारातून दिसणारे माड. आजीने चष्मा लावून ते निरखले व विचारले, “सामान यायचंय काय अजून?”

सगळे हसले. मी मात्र हसता हसता थांबलो. ज्या खोलीत काही नाही आणि जिच्यासमोर काही नाही, तिचेच भाडे सर्वांत जास्त! मग आमच्या अहवालात ही ‘काही नसण्याची’ किंमत कुठे होती? आम्ही जे बांधणार होतो त्याचे खाते होते. जे बांधायचे नाही, त्याचे खाते नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी इंडोनेशियातील बाली बेटापर्यंत पोहोचलो. तेथील सानूरच्या किनाऱ्यावर १९६६ साली बाली बीच हॉटेल सुरू झाले. जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून उभारलेली ही दहा मजली इमारत. माडांच्या शेंड्यांच्या कितीतरी वर गेलेला काँक्रीटचा चौकोनी ठोकळा. सरकारच्या दृष्टीने ती प्रगतीची खूण होती. पण बालीतील लोकांना ती खुपली. पुढे १९७० च्या दशकात नियम झाला की नवी इमारत माडाच्या उंचीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा, उंच असू नये. या नियमाला आता अर्धशतक होत आले.

त्याच सानूरला १९६२ पासून तांजुंग सारी नावाचे एक छोटे हॉटेल होते. मोजक्या बंगल्या, गवती छपरे, झाडांच्या सावलीतून जाणाऱ्या वाटा. एकाच किनाऱ्यावर दोन नमुने उभे होते, आणि पुढच्या काळात जगभरच्या श्रीमंत रिसॉर्टांनी नक्कल केली ती त्या धाकट्याची. पीटर म्युलर या ऑस्ट्रेलियन वास्तुशिल्पकाराने उबुडजवळ १९८९ मध्ये उघडलेले अमनदारी हे रिसॉर्ट बालीतील एखाद्या खेड्यासारखे रचले. गावकऱ्यांची नदीकडे उतरणारी जुनी वाट त्याने मोडली नाही. ती रिसॉर्टातूनच जाऊ दिली.

श्रीलंकेचे जेफ्री बावा यांचे उदाहरण तर मला फारच भावले. हे गृहस्थ मूळचे वकील. अडतिशीच्या सुमारास वास्तुशिल्पकार झाले. डांबुल्लाजवळचे कंदलामा हॉटेल १९९४ साली सुरू झाले. मूळ जागा सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याशी ठरत होती. बावांनी ती नाकारून दूरची, कंदलामा तलावाकाठची जागा सुचवली. खडकाजवळ हॉटेल बांधण्यापेक्षा हॉटेलातून खडक दुरून दिसावा, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. डोंगराला बिलगून गेलेली ही इमारत लांबीला जवळजवळ एक किलोमीटर आहे. पण वेलींनी ती अशी झाकली आहे की दुरून चटकन ओळखू येत नाही. तरीही हे हॉटेल होऊ नये म्हणून त्या काळी भिक्षूंनी आणि पर्यावरणवाद्यांनी निदर्शने केली होती, हेही विसरता कामा नये. संयमाने बांधले तरी बांधले हे खरेच.

आता ‘वेलनेस’चे पाहू. आमच्या अहवालात वेलनेस ही एक खोली होती; तिला भाडे होते, तिच्या यंत्रांवर घसारा होता. पण आपल्या भाषेत जुना शब्द आहे ‘स्वस्थ’. म्हणजे जो स्वतःच्या ठिकाणी आहे तो. माणूस स्वस्थ होतो तो वाऱ्याने, सावलीने, शांततेने आणि चार पावले चालण्याने. यांपैकी एकही गोष्ट तळमजल्यावर बसवता येत नाही. ती आधीपासून असते, आपण फक्त तिच्या आड यायचे नाही. बालीत आपल्यासारखेच शक संवत् चालते, आणि त्याच्या नववर्षाला, साधारण आपल्या पाडव्याच्या आसपास, ‘न्येपी’ नावाचा मौनाचा दिवस पाळतात. त्या दिवशी रस्ते ओस, दिवे मंद आणि विमानतळदेखील २४ तास बंद! हॉटेलातल्या पाहुण्यालाही बाहेर पडता येत नाही. असा दिवस कोणते एक रिसॉर्ट विकत आणू शकेल? तो सगळ्या बेटाने मिळून पाळला तरच मिळतो.

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. समजा, दहा हॉटेलवाल्यांपैकी नऊ जण माडाखाली राहिले आणि दहाव्याने दहा मजले चढवले, तर समुद्राचे दृश्य त्या एकट्याला मिळते व विद्रूपता नऊ जणांच्या वाट्याला येते. म्हणून एकट्याचा संयम हा बहुधा तोट्याचा सौदा ठरतो. सर्वांचा संयम मात्र भांडवल ठरतो. बालीची माडांची रेषा हे बेटाचे गुडविल आहे. ते कुणाच्याही ताळेबंदात दिसत नाही, पण सगळ्यांचा धंदा त्यावर चालतो. ते राखायला वास्तुशिल्पकाराची अभिरुची पुरत नाही, नियम लागतो.

पण मित्रहो, येथेच थांबलो तर मी अर्धाच हिशेब मांडला असे होईल. बालीच्या नियमाने इमारतींची उंची रोखली, त्यांचा पसारा रोखला नाही. व्हिला आडव्या पसरत गेल्या, भातशेती त्यांच्याखाली गेली, आणि तलाव-बगीच्यांसाठी जमिनीखालचे पाणी उपसले गेले. ज्या भाताच्या पायऱ्यांच्या ‘सुबक’ या पाणीवाटप पद्धतीला युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा मानले, त्याच बेटावरची ही गोष्ट. साधेपणा जर केवळ भिंतीच्या रंगात असेल आणि नळाच्या पाण्यात नसेल, तर त्याला संयम म्हणू नये. ती नुसती सजावट झाली.

दुसरी गोष्ट दादाने सांगितली, आणि ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. विखुरलेल्या कॉटेजी दिसायला सुंदर. पण चादरींचे गाठोडे घेऊन वाळूच्या वाटेने भर उन्हात एका कॉटेजीपासून दुसरीपर्यंत जायचे ते त्यानेच. पाहुण्याला चालायला मिळते म्हणून त्याचे आरोग्य सुधारते; दादाचे गुडघे त्याच वाटेवर दुखतात. पाहुण्याच्या खोलीत एक पलंग व एक माठ, यात सौंदर्य आहे. दादाच्या खोलीत सहा जण आणि एक खिडकी, तीही जनरेटरच्या बाजूला. तिथे काहीच नाही, पण त्या ‘काही नसण्या’ला कोणी सौंदर्य म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, “अहो, जास्त मजले म्हणजे जास्त खोल्या, जास्त खोल्या म्हणजे जास्त नोकऱ्या. बेळगावची पोरे चोर्ला घाट ओलांडून पोटासाठीच जातात ना?” हा आक्षेप खोटा नाही. माझ्या घरातच त्याचे उत्तर जेवायला बसते. पण नोकरी हवी ती वीस वर्षे टिकणारी. ज्या किनाऱ्यावर पाहायला काही उरले नाही तिथला पाहुणा दुसरे बेट शोधतो. दादाला दुसरे गाव शोधावे लागते.

आपल्या देशातही हे शहाणपण नवे नाही. मूळ गोव्याच्या घराण्यातले चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अंदमानात पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, बे आयलंड हॉटेल बांधले. ते टेकडीच्या उताराबरोबर पायरी-पायरीने समुद्राकडे उतरते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने तर ग्रामीण किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना ९ मीटर उंचीची आणि दोन मजल्यांची मर्यादा घातली होती. तेव्हा प्रश्न शहाणपण नसल्याचा नाही. प्रश्न असा की उद्या बँकेत, लेखापरीक्षकाच्या कचेरीत असले अहवाल कोण तपासणार? आपणच, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी! नकाशा वास्तुशिल्पकार काढील, पण कर्जाच्या कागदावर सही आपली असेल. त्या वेळी मी तीन प्रश्न विचारणार आहे: इमारत झाडांच्या वर जाते का? पाणी कुठून येते आणि कुठे जाते? काम करणारे कुठे झोपतात?

आपल्या गावात दोन भाषा आहेत, आणि पंगतीत पानावर हात आडवा धरून आम्ही कधी ‘पुरे’ म्हणतो, कधी ‘साकु’. शब्द कुठलाही असो, वाढणारा थांबतो. तो थांबतो, कारण पुढच्या पानालाही वाढायचे असते.

गेल्या महिन्यात मी तो अहवाल पुन्हा केला. गुणांसाठी नव्हे, स्वतःसाठी. दोन मजले, ४० खोल्या, एकच तलाव. कर्ज फिटायला चार वर्षे जास्त लागतात, हे कबूल करतो. दादाला फोनवर सगळे वाचून दाखवले. तो बराच वेळ ऐकत होता. मग एवढेच म्हणाला, “आमच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला ठेवलास?”

मी पुन्हा नकाशा उघडला. खिडकी ठेवायची राहून गेली होती.